कन्सल्टंट कुणाचा? कंपनीचा!

भंडाऱ्याहून नागपूर-पुण्यात नोकरीला आलेल्यांच्या मोबाइलवर कधी ना कधी 'जॉब चेंज बघताय का?' असा फोन येतोच. या फोनवाल्याशी कसं वागायचं, हे मात्र घरी कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून हा क्रॅश कोर्स!

मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसने येणारा नवखा पाहुणा भंडारा रोडला उतरतो आणि इकडेतिकडे बघत विचारतो, ''भंडारा कुठंय?'' स्टेशनचं नाव भंडारा रोड, पण गाव आहे वरठी. शहर गाठायला पुढे ऑटो पकडावा लागतो. नुसत्या नावावर विसंबलं की असं होतं.

'प्लेसमेंट कन्सल्टंट' या नावाचंही तसंच आहे. वाटतं, हा माणूस आपल्यासाठी नोकरी शोधतोय. प्रत्यक्षात तो कंपनीसाठी माणूस शोधत असतो. वाक्य जवळजवळ तेच आहे, पण अर्थ पार उलटा! हा एक फंडा क्लिअर झाला की त्याच्यावरचा रागही जातो आणि त्याच्याबद्दलच्या भाबड्या अपेक्षाही. मग उरतो तो सरळ व्यवहार. आणि व्यवहार नीट केला, तर हाच माणूस तुमच्या करिअरला भन्नाट किक देऊ शकतो.

बाबांच्या काळी असं नव्हतं

भंडारा जिल्ह्यातल्या आधीच्या पिढीला नोकरीची ठिकाणं बोटांवर मोजता यायची. जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी, वरठीची सनफ्लॅग, गडेगावचं अशोक लेलँड, तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी, नाहीतर झेडपीची शाळा. जागा निघाली की पेपरात जाहिरात यायची, नाहीतर एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचा कॉल यायचा. सरकारी कार्यालयांनी आणि २५ किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खासगी कंपन्यांनी रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवायच्या, असा १९५९ चा कायदाच होता. एक्स्चेंजचं कार्ड वेळेवर रिन्यू करणं, हेच तेव्हाचं नेटवर्किंग!

मग १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम आलं, २००३ मध्ये लिंक्डइन सुरू झालं आणि एकेका जागेसाठी शेकडो रेझ्युमे येऊन पडायला लागले. एवढे कागद कंपनी कशाला चाळत बसेल? ते काम तिने बाहेर दिलं आणि मधला माणूस मोठा झाला. म्हणजे एका पिढीत खेळाचे सगळे नियम बदलले. बाबांना ते ठाऊक असण्याचं कारणच नाही. आई फोनवर विचारते, ''बाबू, तो माणूस आपल्या ओळखीचा आहे का?'' प्रश्न साधा आहे, पण अगदी नेमका आहे. तो आपल्या ओळखीचा नसतो. तो आपला माणूस नसतो. तो वाईट माणूस मात्र नसतो!

त्याचं घर कशावर चालतं?

'रिक्रूटर' म्हणून फोन करणाऱ्यांच्या मुख्यतः तीन जाती. आपल्याशी बोलणारा कोणत्या जातीचा आहे, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं पाहिजे.

पहिला, बाहेरचा कन्सल्टंट. याला पगार देते ती त्याची एजन्सी आणि एजन्सीला फी देते कंपनी. तीही बहुतेक वेळा माणूस रुजू झाल्यावरच. रुजू झालेला माणूस ठरावीक मुदतीत, बऱ्याच करारांत ९० दिवसांत, सोडून गेला तर बदली माणूस द्या किंवा फी परत करा, अशी अटही असते.

दुसरा, कंपनीचाच रिक्रूटर. हा एचआरमधला पगारी माणूस. त्याला फी नसते, टार्गेट असतं. अमुक तारखेपर्यंत अमुक जागा भरायच्या!

तिसरा, स्टाफिंग कंपनीचा माणूस. इथे जरा सावध. काम मोठ्या नावाच्या ऑफिसात, पण पगार आणि नेमणूक स्टाफिंग कंपनीची. यात वाईट काही नाही, अनेकांची सुरुवात अशीच होते. पण घरी पेढे वाटताना कंपनीचं नाव कुठलं सांगायचं, हे आधी माहीत असलेलं बरं.

आता पैशाचं गणित. आपल्याकडे कन्सल्टंटची फी बऱ्याचदा वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, अशी ठरलेली असते. समजा तुमचं पॅकेज ६ लाख ठरलं. एजन्सीला मिळतात अंदाजे ५० हजार. तुम्ही हटून बसलात आणि पॅकेज साडेसहा लाख झालं, तर तुमचा फायदा वर्षाला ५० हजारांचा, पण एजन्सीच्या फीत वाढ होते जेमतेम ४,१६५ रुपयांची. त्या चार हजारांसाठी हातातले ५० हजार धोक्यात घालायला तो तयार होईल का? म्हणूनच तो सांगतो, ''सर, अच्छा ऑफर है, ले लो.'' तो खोटं बोलत नसतो. त्याच्या बाजूने ते खरंच अच्छा असतं!

याचा अर्थ एवढाच की पगाराची घासाघीस पूर्णपणे त्याच्यावर सोडायची नाही. आपला किमान आकडा आपण ठरवायचा आणि सुरुवातीलाच सांगायचा. तिथून पुढे त्याची मदत जरूर घ्यायची, कारण कंपनीचं बजेट नेमकं कुठे थांबतं हे तुमच्यापेक्षा त्याला चांगलं माहीत असतं. ''या पोस्टचं बजेट कितीपर्यंत आहे?'' असं सरळ विचारलं तर तो बऱ्याचदा सांगतोही.

पहिला फोन, पाच प्रश्न

फोन येतो तो नेमका मीटिंगमध्ये, नाहीतर बसमध्ये. अर्धवट बोलण्यापेक्षा सरळ सांगा, ''मॅडम, मी आत्ता ऑफिसात आहे. संध्याकाळी सातनंतर बोलू या का? तोवर जेडी मेल करा.'' यात उद्धटपणा काहीच नाही. उलट हा माणूस व्यवस्थित आहे, अशी नोंद होते.

संध्याकाळच्या फोनवर पाच गोष्टी विचारून घ्या.

एक, कंपनी कोणती? काही कन्सल्टंट पहिल्या फोनवर नाव सांगत नाहीत, त्यांना तशी अट असते. पण सीव्ही पाठवण्याआधी नाव कळलंच पाहिजे.

दोन, पेरोल कुणाचा? कंपनीचा की स्टाफिंगवाल्याचा?

तीन, जागा नवीन आहे की कुणी सोडून गेलंय? सोडून गेलं असेल तर का?

चार, कामाचं ठिकाण आणि शिफ्ट कोणती? 'हायब्रिड' म्हणजे आठवड्यातले किती दिवस ऑफिसात?

पाच, इंटरव्ह्यूच्या किती फेऱ्या आणि निकाल कधीपर्यंत?

या प्रश्नांची धड उत्तरं देणारा कन्सल्टंट कंपनीशी खरोखर बोलतो, असं समजा. 'बघू, नंतर सांगतो' एवढंच म्हणणारा बहुधा नुसते सीव्ही गोळा करतोय.

हा पहिला फोन ही परीक्षाही असते, हे मात्र विसरू नका. तो तुमचं बोलणं मनातल्या मनात जोखत असतो. मराठी मीडियमवाल्यांची इथे जाम तंतरते. टेन्शन घेऊ नका. आपण कोण, सध्या काय काम करतो, कशात हात बसलाय आणि पुढे काय हवंय, हे मिनिटभरात सांगता येईल असं आधी लिहून काढा आणि मोठ्याने चार वेळा म्हणा. इंग्रजी थोडं अडखळलं तर चालतं. स्वतःचं काम सांगताना अडखळलात तर मात्र चालत नाही. आणि नागपूरचा कन्सल्टंट दुसऱ्या वाक्याला हिंदीवर येतो, तेव्हा तुम्हीही या!

आकडा खरा सांगा

''सध्याचं पॅकेज किती?'' या प्रश्नाला दोन हजार इकडे, चार हजार तिकडे करण्याचा मोह होतो. करू नका. नैतिकतेचं राहू द्या, हिशेबाचंच बोलू. नवी कंपनी सॅलरी स्लिप मागते, फॉर्म १६ मागते. २०१४ पासून पीएफला यूएएन नंबर आलाय, त्यामुळे कुठे, कधीपासून कधीपर्यंत काम केलं याचा इतिहास एका ठिकाणी दिसतो. तीन महिन्यांची गॅप 'अनुभव' म्हणून दाखवली आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये सापडली, तर हातातली ऑफर जाते. कधी कधी जुनी नोकरी सोडून झाल्यावर जाते! गॅप होती तर होती. वडिलांचं आजारपण, परीक्षेची तयारी, नोकरकपात, कारण काहीही असो, एका वाक्यात सांगून मोकळे व्हा.

अपेक्षित पगार सांगताना सीटीसी आणि हातात येणारी रक्कम यांची गल्लत करू नका. ६ लाखांचं पॅकेज म्हणजे महिना ५० हजार, असं गणित गावी सगळे करतात. खरं गणित बघा. समजा बेसिक ३ लाख आहे आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जातो. कंपनीच्या वाट्याचा पीएफ ३६ हजार, ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण १४ हजार ४००, व्हेरिएबल ६० हजार. हे तिन्ही पॅकेजमध्ये धरलेलं असतं, पण दरमहा हातात येत नाही. त्यात तुमच्या वाट्याचा पीएफ आणखी ३६ हजार आणि अडीच हजार प्रोफेशनल टॅक्स. उरतात साधारण ४ लाख ५१ हजार, म्हणजे महिन्याला ३७,५०० च्या आसपास. घरी दरमहा दहा हजार पाठवायचे असतील आणि पुण्यात रूमचं भाडं भरायचं असेल, तर हा साडेबारा हजारांचा फरक छोटा नाही. म्हणून कन्सल्टंटला विचारायचं, ''फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, इन-हँड किती?'' आणि उत्तर मेलवर मागायचं.

नोटीस पिरिअडचंही तेच. ९० दिवसांचा असेल तर ९० सांगा. 'बघू, ३० दिवसांत सुटेन' म्हणालात आणि बॉसने सोडलं नाही, तर कन्सल्टंट तोंडावर आपटतो आणि त्याच्या यादीतलं तुमचं नाव खाली घसरतं.

'एनीव्हेअर इन इंडिया' लिहू नका

भंडारावाल्यांसाठी हा सगळ्यात नाजूक मुद्दा. रेझ्युमेवर आपण बिनधास्त लिहितो, 'कुठेही जायला तयार'. मग बेंगळुरूची ऑफर येते. त्याच आठवड्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतं, नाहीतर रोवणीच्या दिवसांत बाबा एकटे पडतात, आणि आपण ऑफर नाकारतो. नाकारण्यात चूक नाही. चूक आहे ती हे सगळं शेवटच्या दिवशी सांगण्यात.

भंडारा ते नागपूर साधारण ६० किलोमीटर. कित्येक जण रोज ये-जा करतात. त्यामुळे नागपुरातली नोकरी म्हणजे घरी राहून नोकरी, निदान शनिवार-रविवारी तरी घरी. मिहानमध्ये टीसीएस आहे, एचसीएल आहे, शहरात पर्सिस्टंट आहे. जागा पुण्याइतक्या निघत नाहीत आणि तेच काम थोड्या कमी पगारात करावं लागू शकतं. पण रूमचं भाडं, मेस आणि दर सणाला लागणारं तिकीट वजा करून बघा. कमी पॅकेजची नागपूरची नोकरी बँक बॅलन्सला जड ठरू शकते.

तेव्हा घरच्यांशी आधी बोला आणि कन्सल्टंटला तीन ओळींत लिहून द्या. पहिली पसंती कोणती, चालेल असं ठिकाण कोणतं आणि अजिबात नको असं कोणतं. ''नागपूर पहिलं, पुणे चालेल, बाहेरचं राज्य नको,'' एवढं पुरे. नोकरीच्या पोर्टलवरही 'प्रिफर्ड लोकेशन'च्या रकान्यात नागपूर भरा. रेझ्युमेवर नुसता भंडाऱ्याचा कायमचा पत्ता टाकू नका, सध्याचं शहरही टाका. रिक्रूटर शहराच्या नावाने सर्च मारतो आणि पुण्यात राहून तुम्ही त्याला भंडाऱ्यात दिसता!

एक कंपनी, एकच रस्ता

आणखी एक घोळ हमखास होतो. दोन कन्सल्टंट तुमचा सीव्ही एकाच कंपनीला पाठवतात. कंपनीच्या सिस्टिममध्ये नाव दोनदा दिसतं, फी कुणाला द्यायची यावर वाद होतो आणि वाद टाळायला कंपनी सरळ दुसरा उमेदवार घेते. तुमची काहीच चूक नसताना पत्ता कट!

उपाय सोपा आहे. प्रत्येक कन्सल्टंटला एक ओळ मेल करा, ''मला विचारल्याशिवाय माझा सीव्ही कुठेही पाठवू नये.'' आणि एक्सेलमध्ये तक्ता ठेवा. तारीख, कंपनी, पोस्ट, ठिकाण, कुणामार्फत. वीस कन्सल्टंटना रेझ्युमे वाटण्यापेक्षा आपल्या क्षेत्रातले दोन-तीन चांगले धरा आणि त्यांच्याशी नीट वागा.

नीट म्हणजे काय? फोन घेता आला नाही तर त्याच दिवशी उलट फोन. फाइलला 'न्यू फायनल टू' नव्हे, स्वतःचं नाव आणि कामाचा प्रकार. इंटरव्ह्यू झाला की तासाभरात, काय विचारलं आणि कसं झालं, याचा मेसेज. तिकडच्या एचआरशी बोलताना त्याला तो लगेच उपयोगी पडतो. इंटरव्ह्यूला जायचं नसेल तर आदल्या दिवशी सांगणं. लक्षात ठेवा, पलीकडे बसलेली व्यक्तीही बहुधा तुमच्याच वयाची असते. तिलाही टार्गेट असतं, तिचाही बॉस असतो आणि तिचाही दिवस 'कॉल यू लेटर' ऐकण्यात जातो. शब्दाला पक्की माणसं तिच्या लक्षात राहतात. आज जमलं नाही, तरी आठ महिन्यांनी पहिला फोन त्यांनाच जातो.

राजीनामा कधी?

लेखी ऑफर हातात येईपर्यंत नाही म्हणजे नाही! तोंडी ऑफर म्हणजे वाऱ्यावरची वरात. ''ऑफर दोन दिवसांत येतेय, तुम्ही आज पेपर टाका,'' असं कुणी म्हणालं तर गोड आवाजात उत्तर द्या, ''लेटर आलं की त्याच दिवशी टाकतो.'' लेटरमध्ये पद, पगाराची फोड, ठिकाण आणि रुजू होण्याची तारीख आहे ना, बघा. तारीख खास बघा, कारण २०२२ मध्ये ऑफर लेटर मिळालेल्या आयटीतल्या अनेक फ्रेशर्सना रुजू होण्यासाठी दोन-दोन वर्षं वाट बघावी लागली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी तर नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलंय. त्यामुळे कागद मागताना संकोच नको.

आणि हो, एकदा ऑफर स्वीकारली, दुसरी मोठी आली, आता काय? सरळ फोन करून सांगा. कन्सल्टंट चिडेल, चार शब्द ऐकवेल. ऐकून घ्या. पण रुजू होण्याच्या दिवशी मोबाइल स्विच ऑफ करून गायब होऊ नका. नागपूरचं मार्केट लहान आहे, तिथे माणसं एकमेकांना ओळखतात.

चौकट : पैसे मागितले? फोन ठेवा!

कंपनीकडून फी घेणारा कन्सल्टंट उमेदवाराकडे पैसे मागत नाही. 'रजिस्ट्रेशन', 'लॅपटॉप डिपॉझिट', 'ट्रेनिंग किट', 'व्हेरिफिकेशन चार्ज' अशी गोंडस नावं असली तरी धंदा एकच. धानाचे चुकारे नुकतेच खात्यात आलेत आणि पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे, म्हटल्यावर बाबा नाही म्हणत नाहीत. म्हणूनच 'नाही' तुम्ही म्हणायचं.

ऑर्डनन्स फॅक्टरी, रेल्वे, मॉईल यांच्या भरतीला कन्सल्टंट नसतो. तिथे जाहीर जाहिरात असते. 'आतून सेटिंग' सांगणारा ठग असतो.

कंपनीच्या नावाने मेल आला पण पत्ता जीमेलचा असेल, किंवा इंटरव्ह्यू न घेता व्हॉट्सअॅपवर ऑफर लेटर आलं, तर कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून स्वतः खात्री करा.

परदेशातल्या नोकरीसाठी एजंटकडे १९८३ च्या स्थलांतर कायद्याखालचं लायसन्स हवं. ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. त्याची फी जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर इशारा दिला होता. थायलंडमध्ये आयटीतली नोकरी म्हणून तरुणांना नेलं जात होतं आणि तिथून बेकायदा म्यानमारमध्ये पोहोचवलं जात होतं.

पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे थांबवता येण्याची शक्यता जास्त.

शेवटचा मुद्दा

कन्सल्टंट हा नोकरीचा एक रस्ता आहे, एकमेव नाही. जुन्या सहकाऱ्याने ऑफिसात पुढे केलेलं नाव, कंपनीच्या साइटवर स्वतः केलेला अर्ज, हे रस्तेही चालू ठेवा. जुनं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजही संपलेलं नाही. ते आता जिल्ह्याचं कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्र झालंय आणि त्याची नोंदणी ऑनलाइन होते.

यंदा दिवाळीनंतर मंडईला गावी जाल, तेव्हा बारावी झालेली मावसबहीण, आयटीआयवाला चुलतभाऊ, कॉलेजातली चार पोरं तुमच्याभोवती जमतीलच. पॅकेज किती, हे विचारतील. तो आकडा सांगा किंवा नका सांगू. पण फोन कुणाचा येतो, त्याला पैसे कोण देतं आणि कागदावर काय मागायचं, एवढं त्यांना नक्की सांगा. तुम्हाला हे सांगणारं कुणी नव्हतं. त्यांना तुम्ही आहात!